नळ, गटार आणि चवदार तळे : आमच्या तक्रारीचा इतिहास

संध्याकाळी कड्याच्या स्टँडवर चहाच्या टपरीपाशी दहा मिनिटे उभे राहिले की अख्ख्या आष्टी तालुक्याचे गाऱ्हाणे कानावर पडते. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. गटार तुंबले आहे. खांबावरचा दिवा महिनाभर बंद आहे. नगरची एसटी आधीच भरून आली. रेल्वेचेही तेच. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला आणि नगर ते आष्टी गाडी धावली २३ सप्टेंबर २०२२ रोजी. मंजुरीच्या साली जन्मलेली पोरं कोयता घेऊन ऊसतोडीला जाऊन आली, त्यांची लग्ने झाली, लेकरे झाली, तेव्हा कुठे कड्याच्या स्टेशनात गाडी लागली. कुरकुरीला कारण आहे हे आम्ही नाकारत नाही. आम्हीही त्याच टपरीवर उभे असतो.

पण मित्रांनो, कुरकुरीलाही जात असते.

मागे एका गावच्या ग्रामसभेला आम्ही बसलो होतो. गावचे नाव सांगत नाही, कारण असे गाव एकच नाही. मुख्य आळीतल्या गटारावर अर्धा तास चर्चा झाली, ठराव लिहिला गेला, टाळ्या झाल्या. मग आपल्या वस्तीतली एक ताई उठली आणि म्हणाली, आमच्याकडचेही गटार घ्या. समोरून उत्तर आले, "तुमचा दलित वस्तीचा निधी वेगळा येतो ना, मग इथे कशाला?" ताई खाली बसली. कोणी रागावले नाही, कोणी शिवी दिली नाही. फक्त गावाच्या गटारातून आमचे गटार वेगळे काढले गेले.

त्यांची तक्रार ती 'नागरी समस्या', आणि आमची तक्रार ती 'समाजाची मागणी'. ही विभागणी कुठून आली? आणि ती मोडण्यासाठी आपल्या माणसांनी काय काय केले? हा इतिहास आपल्या तरुणांना युद्धांच्या आणि मोर्चांच्या इतिहासाइतकाच पाठ असायला हवा.

सुरुवात महात्मा फुल्यांपासून करावी लागते. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला हे सगळ्यांना माहीत आहे. पण १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते, हे आपल्या भाषणांत क्वचितच येते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला नगरपालिकेने हजार रुपये खर्चायचे ठरवले, तेव्हा विरोधात मत देणारे एकटे जोतीराव होते. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर लावा, असे त्यांचे म्हणणे होते. १८८० साली शहरात दारूची दुकाने वाढताहेत म्हणून त्यांनी नगरपालिकेला लेखी कळवले. म्हणजे रोषणाई, दुकाने, पैसा कुठे जातो हे सगळे विषय आजच्या कोणत्याही वॉर्डातल्या कुरकुरीचे. फरक एवढाच की जोतीरावांनी ते टपरीवर न बोलता सभागृहाच्या दप्तरात उमटवले.

सभागृहात बसणेच आपल्यासाठी किती महाग होते, ते गोपाळबाबा वलंगकरांना विचारा. सैन्यातून निवृत्त झालेला, वर्तमानपत्रांत लिहिणारा हा माणूस १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर नेमला गेला, तर उच्चवर्णीय सभासदांची तक्रार रस्त्याबद्दल किंवा विहिरीबद्दल नव्हती. त्यांची तक्रार वलंगकरांच्या शेजारी बसण्याबद्दल होती.

त्याच महाडात पुढे काय घडले ते आपण दरवर्षी २० मार्चला आठवतो. पण आम्हाला त्यातली एक बाजू नेहमी कमी सांगितलेली वाटते. ती म्हणजे ठरावाची बाजू.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कोर्टे, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय. यातला कळीचा शब्द 'सार्वजनिक पैसा' हा आहे. धर्म काय सांगतो, रूढी काय सांगते, हा प्रश्नच ठरावाने बाजूला ठेवला. ज्या विहिरीला सगळ्यांच्या कराचा पैसा लागला ती सगळ्यांची. या ठरावाला धरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचे जाहीर केले.

आणि मग? मग काहीच झाले नाही. ठराव दप्तरात, पाणी तळ्यात आणि माणसे तहानलेली. मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली तेव्हा आलेल्या हजारो लोकांना पाणी पाजायला चाळीस रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले. समोर सार्वजनिक तळे, आणि पाणी विकत! आज टँकरच्या पाण्यासाठी पैसे मोजणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे चाळीस रुपये लगेच कळतील.

२० मार्चला बाबासाहेब तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. हा बंडाचा क्षण होताच, पण तो नगरपालिकेच्या तीन वर्षे जुन्या ठरावाची अंमलबजावणीही होता. जे काम नगरपालिकेच्या नोकरांनी करायचे ते लोकांनी केले. त्यावर सवर्णांनी आधी लाठ्या उगारल्या, नंतर शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. तारीख पाहा. बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी. ठराव कागदावर असताना कोणालाच टोचत नव्हता, अंमलात येताच टोचू लागला.

पुढची लढाई कोर्टातली. तळे खाजगी आहे, स्पृश्यांचेच आहे, अशी वहिवाट आहे, असा दावा बाबासाहेबांविरुद्ध झाला. डिसेंबरमधल्या दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर मनाई हुकूम आला, त्यामुळे तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब करावा लागला. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की अनादी काळापासूनची अशी रूढी सिद्ध होत नाही. एका घोट पाण्याच्या तक्रारीला दहा वर्षे लागली. आपल्या पोरांना तलाठ्याकडे दुसऱ्यांदा जायचा कंटाळा येतो, म्हणून हे सांगितले.

आता कड्याकडे या. १९२३ साली बोले ठराव झाला तेव्हा तो आमच्यापर्यंत पोचलाच नाही, कारण आम्ही मुंबई इलाख्यात नव्हतो. नगर जिल्हा ब्रिटिश मुलखात, बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. आज जी जिल्ह्याची हद्द एसटीत झोपेत ओलांडली जाते, तिच्या पलीकडच्या विहिरीवर किमान कागदोपत्री हक्क होता आणि अलीकडच्या विहिरीवर तोही नव्हता. बाबासाहेबांची मक्रणपूरची परिषद झाली ती ३० डिसेंबर १९३८ला, आणि निजामशाही संपली सप्टेंबर १९४८मध्ये. मराठवाड्यातल्या आपल्या आज्या-पणज्यांना घागरीत वरून पाणी ओतून घ्यावे लागण्याच्या आठवणी इतक्या ताज्या का आहेत, त्याचे एक कारण हे आहे.

मराठवाड्याला तो हक्क दिला तो संविधानाने. अनुच्छेद १५ चे दुसरे कलम काढून वाचा. राज्याच्या निधीतून पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा वापर करताना धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाला अडवता येणार नाही. बोले ठरावातला 'सार्वजनिक पैसा' इथे मूलभूत हक्क होऊन बसला आहे. लोक संविधानाला वकिलांचे पुस्तक समजतात. आम्हाला त्या कलमात महाडच्या परिषदेतले चाळीस रुपये दिसतात.

म्हणून त्या ताईला मिळालेले उत्तर साधे नाही. वस्ती विकासाची योजना ही साचलेला अनुशेष भरण्यासाठी आहे, ती गावाच्या खर्चातून आम्हाला वगळण्याची पावती नाही. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असतात, ते वेगळेच. घरपट्टी आम्ही भरतो, पाणीपट्टी आम्ही भरतो. मग गावाचे गटार म्हणताना गाव कुठे संपते? डिसेंबर २०२० मध्ये शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा निर्णय घेतला, चांगले झाले. कमानीवर भीमनगर आले. कमानीखालचे सांडपाणी मात्र पाटीवरचे नाव वाचून वळत नाही.

दोष सगळा त्यांच्यावर ढकलून आम्ही मोकळे होणार नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीची वर्गणी आपण एका आठवड्यात गोळा करतो, डीजे कुठला यावर रात्र रात्र चर्चा होते. पुढच्याच महिन्याच्या पहिल्या दिवशी, १ मे रोजी ग्रामसभा असते. तिथे आपली किती पोरं दिसतात? बंद दिव्याचा फोटो व्हॉट्सअॅप गटात येतो, त्याखाली दहा जण रागाचे चिन्ह टाकतात, अकरावा 'जय भीम' लिहितो, आणि दिवा बंदच राहतो. टपरीवरची कुरकुर आणि मोबाइलवरची कुरकुर यात आम्हाला फारसा फरक दिसत नाही. दोन्हींची पोच मिळत नाही.

त्या ताईने मात्र पुढच्या आठवड्यात आमच्याकडून कागद मागितला. आम्ही दोन अर्ज लिहिले. पहिला गटाराचा, वस्तीतल्या एकोणीस बायकांच्या सह्या आणि अंगठ्यांसह, आवक क्रमांक घेऊन. दुसरा माहिती अधिकाराचा, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून : मागच्या तीन वर्षांत १५ टक्क्यांतले किती पैसे कशावर खर्च झाले, त्याच्या पावत्यांच्या प्रती द्या. तीस दिवसांची मुदत संपायला अजून अकरा दिवस आहेत. ताईने पोचपावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बुद्धवंदनेच्या पुस्तकात ठेवली आहे, आणि पुढच्या ग्रामसभेला त्या एकोणीस जणी येणार आहेत.