कोणीच न भरलेलं बिल

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी अमेरिकेत पीएच.डी. करत होतो. तेव्हा संगणकाच्या प्रत्येक प्रिंटआउटच्या शेवटच्या पानावर बिल छापून यायचं. किती पंच कार्डं वाचली, प्रोसेसरचे किती सेकंद गेले, किती ओळी छापल्या आणि तळाशी एकूण डॉलर. महिन्याच्या स्टायपेंडमध्ये घरभाडं आणि वाणसामान कसंबसं बसवणाऱ्या आम्हा पोरांना तो आकडा पाहून धडकी भरायची. प्रत्यक्षात ते पैसे कुणाच्याच खिशातून जात नव्हते. विद्यापीठ सत्राच्या सुरुवातीला खात्यावर कागदी डॉलर टाकायचं आणि संगणक केंद्र ते कापून घ्यायचं. लुटुपुटूचेच पैसे ते. पण संपले की प्रबंध खरोखर थांबायचा.

या खात्यांचं मूळ टंचाईत आहे. १९५७ साली आयबीएमचं ७०४ हे यंत्र एमआयटीत आलं, तेव्हा त्याचा दिवस तीन पाळ्यांत वाटला गेला : एक एमआयटीची, एक न्यू इंग्लंडमधल्या इतर कॉलेजांची आणि एक खुद्द आयबीएमची. १९६१ मध्ये तिथल्याच फर्नांडो कोर्बाटो यांनी सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एका यंत्रावर अनेकजण एकाच वेळी काम करू लागले, तसा प्रत्येकाला पासवर्ड मिळाला आणि वेळेचा कोटाही.

ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याच्या वाट्याला आठवड्याला चार तास आले. ते पुरेनात, म्हणून त्याने इतरांचा वेळ वापरायचं ठरवलं. १९६२ मध्ये एका शुक्रवारी रात्री त्याने पंच कार्डावरून सगळ्यांच्या पासवर्डांची फाइल छापायला टाकली आणि शनिवारी सकाळी यादी उचलली. पुढे अनेक वर्षांनी त्याने स्वतःच हे सांगून टाकलं. त्याच्या प्रबंधाचा विषय होता, अशा वेळ वाटून घेणाऱ्या प्रणाली किती कार्यक्षम असतात!

डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ या प्राध्यापकांनी उलटा विचार केला. १९६४ पासून तिथल्या विद्यार्थ्यांना संगणक ग्रंथालयातल्या उघड्या कपाटांसारखा मोकळा होता. मग बाकीच्या विद्यापीठांनी तसं का केलं नाही? अडचण हिशेबतपासणीची होती. सरकारी अनुदानावरच्या प्रकल्पाला इतरांपेक्षा जास्त दर लावता येत नसे. विद्यार्थ्याला यंत्र फुकट दिलं, तर सरकारकडून तरी पैसे कोणत्या तोंडाने मागणार? म्हणून सगळ्यांना एकच दर लावायचा आणि विद्यार्थ्याला तो भरण्यापुरते कागदी डॉलर द्यायचे, अशी वाट निघाली. रात्रीच्या कामाला सवलत असे, म्हणून आम्ही निशाचर झालो.

जॉब कार्डावर खाते क्रमांकाशेजारी वेळेची मर्यादा लिहावी लागे. ती ओलांडली की आयबीएमचं यंत्र ३२२ हा कोड छापून काम मध्येच तोडायचं, आणि तोवरचे सेकंद मात्र बिलात लागायचे.

माझं काम रेणूंची ऊर्जा गणिताने काढण्याचं. त्यात बेसिस सेट, म्हणजे इलेक्ट्रॉनांचं वर्णन करायला घेतलेल्या फलनांचा संच, दुप्पट केला की इंटिग्रल्सची संख्या साधारण सोळापट होते. मला हवा होता तो रेणू खात्यात मावेना, म्हणून मी लहान रेणू घेतला. शेजारच्या टेबलावरच्या मुलाच्या गाइडकडे मोठं अनुदान होतं, त्याने मोठा घेतला. दोघांचेही प्रबंध मान्य झाले. पण माझा प्रश्न कोणता असावा, हे रसायनशास्त्राइतकंच त्या खात्यातल्या शिलकीने ठरवलं. प्रबंधाच्या प्रस्तावनेत हे कारण कोणी लिहीत नाही. रेणू ‘प्रातिनिधिक’ म्हणून निवडला, असं लिहायची पद्धत आहे. मीही तेच लिहिलं.

आज तेच हिशेब महासंगणकावरच्या कोअर-तासांत आणि क्लाउडवरच्या जीपीयूच्या ताशी दरांत होतात, आणि क्लाउडचं बिल तर खऱ्या पैशांत येतं. ज्याच्या गाइडकडे प्रकल्प नाही, तो विद्यार्थी आजही मुकाट्याने लहान प्रश्न निवडतो. आपल्या विद्यापीठांतल्या गाइड मंडळींना म्हणूनच एक सांगणं आहे : नोंदणीच्या वेळी सिनॉप्सिस तपासता, तेव्हाच त्या कामाला किती संगणन लागेल आणि ते कुठून मिळेल, हेही लिहून घ्या. ती तरतूद करणं संस्थेचं काम आहे, विद्यार्थ्याचं नव्हे.