टॅबलेट-नियंत्रित रॅक मिक्सर
प्रत्यक्ष कार्यक्रमात वापरला जाणारा, स्वतःवर फेडर नसलेला, वायफायने जोडलेल्या टॅबलेटवरून चालवायचा डिजिटल मिक्सर. बेहरिंगर एक्सआर१८ मध्ये १६ माइक-प्रीअँप असतात. मिक्सर मंचावरच राहत असल्याने सभागृहभर जाड केबल ओढावी लागत नाही. तंत्रज्ञ शेवटच्या रांगेत किंवा गायकाच्या मॉनिटरपाशी उभा राहून, तिथे ऐकू येते त्यावरूनच समतोल साधतो. हाच याचा खरा लाभ. वायफाय तुटले की आवाज बंद पडतो, हा आक्षेप चुकीचा आहे. ध्वनी टॅबलेटमधून जातच नाही, त्यामुळे शेवटची मांडणी तशीच चालू राहते. मात्र त्याच क्षणी फीडबॅकची शिट्टी सुरू झाली, तर तंत्रज्ञाचे हात बांधले जातात. ही अडचण खरी आहे. प्रेक्षकांच्या मोबाइलांनी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा गजबजतो, म्हणून अंगभूत वायफायवर विसंबू नये. ५ गिगाहर्ट्झचा स्वतंत्र राउटर जोडावा आणि केबलने जोडलेला लॅपटॉप हाताशी ठेवावा.