आकाशचिन्ह आणि दुकानाची पाटी

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत ‘आकाशचिन्ह व परवाना विभाग’ या नांवाचें एक खातें आहे. हें नांव ऐकून एखाद्या श्रोत्यास धूमकेतु आठवला तर त्यांत नवल नाहीं. परंतु या खात्याचा संबंध ग्रहताऱ्यांशीं नसून पाट्या व जाहिरातींचे फलक यांच्याशीं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडन शहरांत घरांच्या छपरांवर लोखंडी जाळीचीं प्रचंड अक्षरें उभारण्याची टूम निघाली. तीं वाऱ्यानें रस्त्यावर कोसळतील या धास्तीनें १८९१ सालीं तेथें कायदा झाला. त्याच धर्तीची व्याख्या आपल्याकडील १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्याच्या २४४ व्या कलमांत आहे. रस्त्यावरून पाहिलें असतां इमारतीवरची जी जाहिरात आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसते, ती आकाशचिन्ह. जाहिरातीचा फुगाहि त्यांत येतो. वाऱ्याची दिशा दाखविणारा साधा कोंबडा मात्र येत नाहीं! अशा चिन्हास आयुक्तांची लेखी परवानगी लागते, आणि चिन्हाचा कांहीं भाग जरी खालीं पडला तरी ती रद्द होते. इतर जाहिरातफलकांसाठीं २४५ वें कलम आहे. कायदा लिहिणाराच्या डोळ्यांपुढें शहराची शोभा नव्हती; खालून जाणाराचें डोकें होतें.

पिंपरी, आकुर्डी, भोसरी हीं मूळचीं शेतकऱ्यांचीं गांवें. चिंचवडास मोरया गोसावींच्या समाधीसाठीं यात्रेकरू येत, चाकणच्या बाजारांत कांद्याच्या गाड्या येत. तेथें ओळख हीच दुकानाची पाटी होती. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली, पुढें मोटारींचे कारखाने आले, दूरदूरचे कामगार आले, आणि अनोळखी माणसांच्या या वस्तींत पाटीवांचून चालेनासें झालें. १९७० सालीं नगरपालिका व ११ ऑक्टोबर १९८२ रोजीं महानगरपालिका झाली, तेव्हां २४४ वें कलम येथें आलें. चाकणला नगरपरिषद मिळाली ती त्याहून पुष्कळ उशिरां.

अलीकडे चर्चा झाली ती मात्र अक्षरांची. २०१७ चा दुकानें व आस्थापनांचा कायदा मुख्यतः दहा वा अधिक कामगार असलेल्यांसच लागू होता. त्यामुळें लहान दुकानदार देवनागरी पाटीच्या सक्तींतून निसटत. २०२२ सालीं ही पळवाट बुजविण्यांत आली. मराठी अक्षरें आरंभीं असावींत व इतर लिपींतील अक्षरांहून लहान नसावींत, असें ठरलें. मद्याच्या दुकानांस थोर व्यक्तींचीं वा गडकिल्ल्यांचीं नांवें देण्यास बंदी झाली. ज्या संग्रामदुर्गावर १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा शाहिस्तेखानाशीं झुंजला, त्या चाकणच्या लोकांस तरी ती विशेष पटावी. व्यापारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २५ सप्टेंबर २०२३ रोजीं न्यायालयानें त्यांस पाट्या बदलण्यास दोन महिन्यांची मुदत दिली. ही सक्ती मला योग्यच वाटते. जन्मभर शुद्धलेखन तपासलेल्या माझ्यासारख्यास एवढेंच खटकतें कीं, कायदा अक्षराची उंची पाहतो, ऱ्हस्वदीर्घ पाहत नाहीं.

पण त्या मुदतीच्या पांच महिने आधींच सांगाड्यानें आपली आठवण करून दिली होती. १७ एप्रिल २०२३ रोजीं संध्याकाळीं किवळे येथें, मुंबई-बंगळूर महामार्गाच्या सेवारस्त्यालगत, वादळी पावसांत कांहीं माणसें पंक्चरच्या दुकानाच्या आडोशास उभीं राहिलीं. त्यांच्यावर जाहिरातीचा लोखंडी फलक कोसळला व पांच जण दगावले. त्यांत चार स्त्रिया होत्या. फलकावरील लिपि कोणती होती, हें त्या दिवशीं कोणीं विचारलें नसेल. फलक विनापरवाना असल्याचें महानगरपालिकेनें सांगितलें. म्हणजे पडल्यावर रद्द करावयासहि परवानगी नव्हती. मग शहरांत अनधिकृत फलक उतरविण्याची मोहीम निघाली.

पुढच्याच वर्षीं, १३ मे २०२४ रोजीं, मुंबईस घाटकोपर येथें तसाच प्रसंग घडून १७ माणसें गेलीं. तेथें महानगरपालिकेची मर्यादा चाळीस फुटांची होती आणि फलक होता १२० फूट उंच. तो रेल्वे पोलिसांच्या ताब्यांतील जागेंत उभा होता. महानगरपालिकेची परवानगी त्यासहि नव्हती.