तार तुटते ती नंतर

शून्य क्षण. खड्ड्यात चाक जातं, हेल्मेट नसलेला दुचाकीस्वार फेकला जातो, डोकं गर्रकन फिरतं. कवटी शाबूत आहे. आत मात्र चेतापेशींचे लांबलचक अक्षतंतू काही सहस्रांश सेकंदांत ताणले गेलेत. मळलेली कणीक सावकाश ओढली तर लांबते, हिसका दिला की तुटते. अक्षतंतूचा सांगाडाही तसाच. ट्यूब्युलिनच्या सूक्ष्मनलिका, म्हणजे मालवाहतुकीचे रूळ, जागोजागी तडकतात. त्यांना बांधून ठेवणारं टाऊ प्रथिन इतक्या वेगात ताठरतं.

पहिली काही मिनिटं. ताणलेल्या पटलातून कॅल्शियम आत घुसतं. त्यानं कॅल्पेन जागं होतं. ही पेशीचीच कात्री, एरवी म्यानात असलेली. पटलाला आतून आधार देणाऱ्या स्पेक्ट्रिनवर ती चालते, मग तंतूच्या सांगाड्यातल्या न्यूरोफिलामेंट या धाग्यांवर.

पहिला तास. सीटी स्कॅन बहुधा ‘नॉर्मल’. रुग्ण शुद्धीवर नाही आणि फिल्ममध्ये काही दिसत नाही. नातेवाइकांना काय सांगायचं?

दुसरा-तिसरा तास. रूळ तुटलेत, पण पेशीकडून माल येतच राहतो. निरोगी तंतूत जलद माल दिवसाला 200 ते 400 मिलिमीटर धावतो. आता तो तुटल्या जागी साचतो आणि तंतू मण्यांच्या माळेसारखा फुगतो.

बारा ते चोवीस तास. फुगवटा तुटतो. तंतू दुभंगतो तो आत्ता.

हे कळायला फार वेळ लागला. 1956 मध्ये सबिना स्ट्रिच यांनी डोक्याला मार लागून पुढे दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूचा पांढरा भाग तपासला. तंतू धडकेच्या क्षणीच फाटतात, असं त्यांना वाटलं. सूक्ष्मदर्शकाखाली शेवटच दिसतो, वेळ दिसत नाही, त्यामुळे त्यांना दोष देववत नाही. 1983 मध्ये जॉन पोवलिशॉक आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या तंतूंत खुणेचं विकर सोडलं, ठरावीक तासांनी पाहिलं. सुरुवातीला बरेचसे तंतू अखंड होते. तुटले ते नंतर, आतून. आधी तो अपघात होता, नंतर ती पेशीनं स्वतःवर चालवलेली कात्री. प्रयोगशाळेत ती रोखता येते. रुग्णासाठी असं औषध अजून हाती नाही.

पुढचे दिवस. तुटलेल्या तंतूचं पलीकडचं टोक विरघळत जातं. न्यूरोफिलामेंटचे तुकडे रक्तात उतरतात. स्कॅन गप्प होता. दंडातून काढलेल्या थोड्याशा रक्तात हे तुकडे कित्येक आठवडे सापडत राहतात.