तक्रार ऐकणारं कार्यालय

गटाच्या बैठकीत आमच्या कानावर एक वाक्य नेहमी येतं, "अर्ज देऊन काय होतंय? कागद धूळ खात पडतो." आज आम्ही तुम्हाला एका अशा कार्यालयाचा इतिहास सांगणार आहोत, जे भेदभावाच्या तक्रारी घेण्यासाठीच उघडलं गेलं. ते अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातलं आहे. तिथे अर्ज दिलेल्या एका बाईला काय मिळालं आणि काय मिळालं नाही, ते ऐका.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत अमेरिकेतल्या कारखान्यांना माणसं हवी होती. तरीही काळ्या माणसाला, ज्यू माणसाला कित्येक ठिकाणी दारातूनच परत पाठवत. कोर्टात जायचं तर वकिलाचे पैसे कुठून आणायचे? मग १९४५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्यानं कायदा केला. वंश, धर्म, रंग किंवा मूळ देश बघून कुणाला काम नाकारायचं नाही, असं त्यात लिहिलं. आणि नुसतं लिहून थांबले नाहीत, तो कायदा राबवायला पाच जणांचा आयोग नेमला. अमेरिकेतल्या राज्यांमध्ये असा कायदा आणि असा आयोग हा पहिलाच.

काम चालायचं ते असं. अन्याय झालेल्या माणसानं शपथेवर लेखी तक्रार द्यायची. आयोगातला एक जण चौकशी करणार. तक्रारीत तथ्य दिसलं, तर आधी मालकाला बोलावून समजुतीनं मिटवायचं बघणार. नाही मिटलं, तर सुनावणी, साक्षीपुरावे आणि मग हुकूम. मालकानं हुकूम मानला नाही, तर आयोग कोर्टात जाणार. तक्रार केली म्हणून कुणाला कामावरून काढणं, हेही बेकायदाच धरलं. यात एक उणीव होती. सगळा भर समजुतीवर असल्यानं फार थोड्या तक्रारी सुनावणीपर्यंत पोचायच्या.

आणि बाई म्हणून काम नाकारलं तर? त्या कायद्यात हे कारण आलं १९६५ साली, म्हणजे वीस वर्षांनी. पुढे १९६८ मध्ये आयोगाचं नाव बदलून मानवी हक्क विभाग झालं.

या विभागाकडे बर्निस गेरा नावाची गृहिणी गेली. तिला बेसबॉलमध्ये पंच व्हायचं होतं. बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटसारखा चेंडू मारून धावण्याचा खेळ. १९६७ मध्ये तिनं पंचाचं रीतसर शिक्षण घेतलं. १९६९ मध्ये एका छोट्या लीगशी तिचा करारही झाला. पण वरच्या संघटनेनं तो काम सुरू होण्याआधीच रद्द केला. म्हणे, पंचाची उंची किमान ५ फूट १० इंच हवी आणि वजन १७० पौंड, म्हणजे साधारण ७७ किलो. बायकांना घेत नाही, असं तोंडानं म्हणायची गरजच उरली नाही. मोजपट्टीच तशी ठेवली होती.

विभागानं नेमकं तेच विचारलं. झेल बरोबर पकडला की नाही हे सांगायला एवढी उंची कशाला? पंचाच्या कामाशी या मापाचा संबंध नाही, त्यानं बायका बाहेर राहतात, म्हणून हा भेदभाव आहे, असा निकाल विभागानं १९७० मध्ये दिला. लीग कोर्टात गेली. राज्यातल्या सर्वांत वरच्या कोर्टानं जानेवारी १९७२ मध्ये तो निकाल कायम केला.

त्याच वर्षी २४ जूनला बर्निस मैदानात उतरली, आणि तो एकच सामना करून तिनं काम सोडलं. दुसरे पंच साथ देत नाहीत, असं तिनं सांगितलं. एवढी वर्षं लढून एकच दिवस! ऐकून आम्हालाही वाईट वाटलं. पण तिनं ती मोजपट्टी मोडली होती. १९७५ मध्ये ख्रिस्टीन रेन नावाची दुसरी बाई पंच म्हणून उभी राहिली.

सख्यांनो, यातून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. पहिली, "तुम्ही बसत नाही" असं कुणी म्हटलं, तर ती अट लेखी मागायची आणि विचारायचं, कामाशी हिचा संबंध काय? आपला अर्जही लेखी द्यायचा, तारीख घालून, पोच घेऊन. दुसरी, हुकूम दार उघडून देतो, पण आत गेल्यावर शेजारी कोण उभं राहणार हे हुकमात लिहिलेलं नसतं. बर्निसच्या शेजारी कुणी नव्हतं. आपल्या गटातली बाई अर्ज द्यायला निघाली की दोघींनी तिच्यासोबत जायचं. आणि तिला काम मिळालं, की पहिल्या आठवड्यात तर तिच्या घरी चक्कर मारायचीच.