कोंबडीचा कर आणि जुना ट्रक

अमेरिकेतल्या छोट्या गावांत गेली काही वर्षं एक गंमतशीर गाडी दिसते. स्टिअरिंग उजवीकडे, नाक चपटं, मागे तिन्ही बाजूंनी फळ्या खाली पडणारा हौदा. सुझुकी कॅरी, दाइहात्सू हायजेट, होंडा ॲक्टी अशी नावं. जपानमध्ये यांना 'केई' ट्रक म्हणतात. लांबी 3.4 मीटरच्या आत, रुंदी 1.48 मीटरच्या आत, इंजिन 660 सीसीपर्यंत. आपल्याला ही गाडी परकी वाटू नये, कारण आपली ओम्नी याच सुझुकी कॅरीच्या कुळातली. 1984 साली मारुतीने 'व्हॅन' म्हणून आणली ती.

अमेरिकेत हे ट्रक घेतात कोण? शेतकरी, माळी, आणि झाडं छाटणारे-तोडणारे छोटे कंत्राटदार. घराच्या बाजूच्या अरुंद फाटकातून मागच्या परसात जायचं, फांद्या भरायच्या, बाहेर यायचं. तिथल्या नव्या पिकअपला हे जमत नाही. ती जवळजवळ आपल्या टेम्पोएवढी झालीय आणि तिच्या हौद्याची कड माणसाच्या छातीला लागते.

पण हा जुना जपानी ट्रक अमेरिकेत न्यायचा तर दोन अटी. एक, तो किमान पंचवीस वर्षं जुना हवा. दोन, बंदरात उतरल्यावर किमतीच्या पंचवीस टक्के जकात. आकडा दोन्हीकडे तोच असला तरी त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आणि दोन्हींपैकी एकही नियम या बिचाऱ्या ट्रकसाठी केलेला नव्हता. टक्क्यांचा नियम कोंबडीमुळे आला, वर्षांचा मर्सिडीजमुळे.

आधी कोंबडी.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कोंबडीपालनाचा कारखाना झाला. ठरावीक जात, ठरावीक खाद्य, ठरावीक दिवसांत तयार होणारा पक्षी. भाव कोसळले आणि गोठवलेली कोंबडी जहाजातून युरोपात जाऊ लागली. पश्चिम जर्मनीत तोवर कोंबडी म्हणजे सणावारी खायची चीज. ती एकदम रोजच्या ताटात आली. जर्मन, डच, फ्रेंच शेतकरी अर्थातच ओरडले. तेव्हाच युरोपीय सामायिक बाजारपेठेचं शेतीधोरण आकाराला येत होतं. 1962 मध्ये त्याखाली आयात कोंबडीवर भारी शुल्क बसलं आणि अमेरिकेची विक्री घसरली.

आता हसू येईल, पण तेव्हा हे प्रकरण भलतंच तापलं होतं. क्युबाचा क्षेपणास्त्र पेच, बर्लिनची भिंत असा तो काळ. अशा वेळी सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष फुलब्राइट नाटोच्या अण्वस्त्रांवरची चर्चा थांबवून कोंबडीचा विषय काढतात! फुलब्राइट आर्कान्सा राज्याचे, आणि आर्कान्सा म्हणजे कोंबड्यांचं माहेर. जर्मन चॅन्सेलर आडेनाउअर यांनीही पुढे गमतीने तक्रार केली, की केनेडींशी झालेल्या पत्रव्यवहाराचा निम्मा भाग कोंबड्यांवर खर्च झाला.

वाटाघाटी फसल्या. गॅट कराराखालच्या तज्ज्ञांनी अमेरिकेचं नुकसान 2 कोटी 60 लाख डॉलर ठरवलं. म्हणजे तेवढ्या किमतीची परतफेड वसूल करायला अमेरिका मोकळी. केनेडींची हत्या 22 नोव्हेंबर 1963 ची. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, 4 डिसेंबरला, जॉन्सन यांनी आदेश काढला. बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, महागडी ब्रँडी आणि ट्रक, या चार गोष्टींवर वाढीव जकात. ट्रकवरची जकात साडेआठ टक्क्यांवरून थेट पंचवीसवर गेली. अंमल जानेवारी 1964 पासून.

ट्रक का? कारण फोक्सवॅगनची डबा-गाडी आणि तिची पिकअप अमेरिकेत बरी खपत होती. जर्मनीला चिमटा काढायचा तर तिथे. दुसरंही कारण होतं. जॉन्सन यांच्या व्हाइट हाउसमधल्या ध्वनिफिती पुढे उघड झाल्या. मोटार कामगार संघटनेचे नेते वॉल्टर रॉयथर यांना जर्मन गाड्यांची आयात खुपत होती आणि 1964 ची निवडणूक तोंडावर होती, ही गणितंही त्या संभाषणांत आहेत. म्हणजे नाव कोंबडीचं, पण मन राखायचं होतं डेट्रॉइटचं.

यातली खरी मेख पुढे आहे. गॅटच्या नियमानुसार अशी जकात एकट्या जर्मनीवर लावता येत नव्हती. लावायची तर सगळ्या देशांच्या ट्रकवर. तेव्हा जपान अमेरिकेला ट्रक विकतच नव्हता म्हटलं तरी चालेल, त्यामुळे कुणी फिकीर केली नाही. जर्मन पिकअपची आयात काही वर्षांत आटली आणि भांडणाचा विषय संपला. स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि ब्रँडीवरची वाढीव जकात यथावकाश उठली. ट्रकवरची तेवढी राहिली. साठ वर्षं झाली, अजून आहे.

का राहिली, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. फोर्डची एफ मालिका 1977 पासून तिथला सर्वाधिक खपणारा ट्रक आहे. अमेरिकन मोटार कंपन्यांचा नफा पिकअपवर उभा आहे. ही जकात म्हणजे त्या नफ्याभोवतीचं कुंपण. कुंपणाच्या आत दोन-तीन कंपन्या आणि त्यांची संघटना, सगळ्यांचे पत्ते वॉशिंग्टनला पाठ. बाहेर लाखो सुतार, प्लंबर, माळी, प्रत्येकाचं नुकसान थोडं थोडं. एकटा माळी मोर्चा काढत नाही हो.

त्यात पळवाटा शोधणारेही कमी नव्हते. जपानी कंपन्या हौद्याशिवायचा ट्रक, म्हणजे नुसती केबिन आणि चासी पाठवायच्या. त्यावर चारच टक्के. हौदा अमेरिकेत बसवायचा. शेव्हरोलेचा 'लव्ह' आणि फोर्डचा 'कुरियर' हे मुळात इसुझू आणि माझ्दा, ते असेच आले. गंमत बघा, जिच्या रक्षणासाठी जकात, तीच कंपनी जकात चुकवतेय! ही वाट 1980 मध्ये बंद झाली. सुबारूने आपल्या 'ब्रॅट'च्या उघड्या हौद्यात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या ठोकल्या आणि ती प्रवासी गाडी असल्याचं सांगितलं. आणि शेवटी फोर्डनेच तुर्कस्तानातून आणलेल्या 'ट्रान्झिट कनेक्ट' व्हॅन. मागे सीट लावून त्या बाल्टिमोरला उतरवायच्या, जकात भरायची अडीच टक्के, मग सीट उखडून भंगारात काढायच्या. खटला वर्षानुवर्षं चालला. 2024 मध्ये फोर्डने 36 कोटी 50 लाख डॉलर भरून तडजोड केली.

आता पंचवीस वर्षांचा नियम. 1980 च्या दशकात डॉलर वधारला. जर्मनीत मर्सिडीज विकत घेऊन स्वतः जहाजाने आणली तर अमेरिकेतल्या विक्रेत्यापेक्षा बरीच स्वस्त पडायची. हजारो लोक तेच करू लागले. अधिकृत विक्रेत्यांच्या पोटात गोळा आला. त्यांनी आणि मर्सिडीजच्या अमेरिकी शाखेने काँग्रेसकडे जोर लावला. 1988 मध्ये कायदा झाला: अमेरिकी सुरक्षा मानकांनुसार न बनलेली गाडी खासगी माणसाला सहजासहजी आणता येणार नाही, मात्र पंचवीस वर्षांहून जुनी असेल तर चालेल. सुरक्षेचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता, तरी कायद्याला धक्का देणारे हात विक्रेत्यांचे होते. जुन्या मोटारींच्या हौशी लोकांसाठी ठेवलेल्या त्या खिडकीतून आज जपानी शेतकऱ्याचा निवृत्त ट्रक आत शिरतोय. सरकारला ते पचत नाही असं दिसतं. काही राज्यांनी या ट्रकची रस्त्यावरची नोंदणीच रोखली, मग मालक भांडले. टेक्सास आणि मॅसॅच्युसेट्सला 2024 मध्ये माघार घ्यावी लागली.

झाडांच्या धंद्यात तर या जकातीचा विनोदच होतो. डेट्रॉइट आणि कॅनडातलं विंडसर यांच्यामध्ये एक नदी, आणि नदीवर 1929 साली खुला झालेला अँबॅसडर पूल. दोन्ही काठांवर झाडं तोडणाऱ्या कंपन्या. त्यांच्या आवारात साधारण तीन वस्तू असतात. एक बकेट ट्रक, म्हणजे लांब हायड्रॉलिक हात आणि टोकाला पाळणा. महापालिकेचे लोक खांबावरचे दिवे बदलायला वापरतात तसला. दुसरा चिपर, फांद्या गिळून भुसा ओकणारं यंत्र. तिसरा तो भुसा भरायचा उंच पेटीचा ट्रक. समजा या तिन्ही वस्तू जपानमध्ये बनल्यात, कॅनडात दहा-बारा वर्षं राबल्यात आणि आता जुन्या भावात पूल ओलांडून अमेरिकेत चालल्यात. जकात बघताना माल कुठून आला हे पाहत नाहीत, कुठे बनला ते पाहतात. उत्तर अमेरिकेतच बनलेला ट्रक करारामुळे मोकळा सुटतो, जपानी बनावटीचा सुटत नाही. आता मूळ दरपत्रक काय म्हणतं? पाळण्याचा ट्रक 'विशेष कामाचं वाहन', क्रेन आणि आगीच्या बंबाच्या पंगतीतला. त्याला कोंबडीचा कर नाही. चिपर हे यंत्र, त्यालाही नाही. भुशाच्या पेटीचा ट्रक मात्र 'मालवाहू'. त्याला पंचवीस टक्के. तिघं एकाच झाडाखाली उभे राहतात, कोंबडीची शिक्षा एकट्यालाच.

बरं, सीमेवर जुनं यंत्र अडवायला खरंखुरं कारण नसतं असं नाही. चिपरच्या जबड्यात साली अडकलेल्या असतात, चाकांच्या खाचांत माती, चासीखाली पतंगांच्या अंड्यांचे पुंजके. म्हणून वापरलेलं यंत्र धुऊन, माती-पाला काढून आणायचं असा दंडक बहुतेक देशांत आहे. ऑस्ट्रेलिया तर यात इतका कडक, की मळकं यंत्र आल्या पावली परत पाठवतात. ही भीती पोकळ नाही. 2002 च्या उन्हाळ्यात याच डेट्रॉइट आणि विंडसरमध्ये एक चकचकीत हिरवा भुंगेरा सापडला, एमराल्ड ॲश बोरर. मूळचा पूर्व आशियातला, बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून आलेला. त्याच्या अळ्या ॲश झाडाची साल आतून पोखरतात. उत्तर अमेरिकेत कोट्यवधी झाडं उभ्याउभ्या वाळली. वाळलेला ॲश इतका ठिसूळ होतो, की दोर लावून त्यावर चढणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यामुळे पाळण्याच्या ट्रकशिवाय काम होईना, आणि छोट्या कंत्राटदाराला तो परवडायचा तर जुनाच.

या भुंगेऱ्यासाठी केंद्र सरकारने लाकडाच्या वाहतुकीवर बंधनं घातली होती. पण लोक चुलीचं सरपण गाडीत टाकून सुट्टीला जात राहिले, आणि त्या सरपणाबरोबर भुंगेराही राज्यांमागून राज्यांत जात राहिला. जानेवारी 2021 मध्ये सरकारने हात टेकले आणि ती केंद्रीय बंधनं उठवली. भुंगेरा रोखायचा नियम एकोणीस वर्षंही टिकला नाही. कोंबडीचा टिकला.

अमेरिकेला हसणं सोपं आहे, म्हणून आपलंही दप्तर जरा उघडू. भारतात जुन्या गाड्यांची आयात अनेक दशकं जवळजवळ बंद होती. अमेरिकेनेच जागतिक व्यापार संघटनेत आपल्या आयात-निर्बंधांविरुद्ध तक्रार केली, 1999 मध्ये आपण हरलो, आणि 1 एप्रिल 2001 ला शेवटचे निर्बंध उठले. जुन्या गाड्यांचा दरवाजा कागदोपत्री उघडला. लगेच अटी आल्या: गाडी तीन वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, वेगमापक किलोमीटरचा हवा, आणि आयात फक्त मुंबईच्या सीमाशुल्क बंदरातून. जगभरातलं भंगार आपल्या दारात ओतलं जाईल ही भीती खरी होती, ती मी नाकारत नाही. पण देशी कारखानदारांची झोपही त्याच अटींनी राखली. परिणाम असा, की जुना चिपर यंत्र म्हणून सनदी अभियंत्याच्या दाखल्यावर देशात येऊ शकतो, पण चांगल्या अवस्थेतला दहा वर्षांचा पाळण्याचा ट्रक येऊ शकत नाही. पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटायला आपल्या शहरांत अजूनही किती ठिकाणी माणूस दोर आणि कोयता घेऊनच वर चढतो, ते मे महिन्यात आपापल्या गल्लीत बघा.

म्हणजे अमेरिका म्हणते पंचवीस वर्षांपेक्षा नवा ट्रक नको, आपण म्हणतो तीन वर्षांपेक्षा जुना नको. या दोन नियमांच्या मधल्या बावीस वर्षांतला, भरपूर काम शिल्लक असलेला ट्रक दोन्ही दारांबाहेर.

जाता जाता एक हिशेब. टाटांचा एस, आपला छोटा हत्ती, मे 2005 मध्ये आला. पहिले पुण्यात बनले. त्यातला एखादा अजून धडधडत असेल तर 2030 मध्ये पंचवीस वर्षांचा होईल. तेव्हा ओहायोतल्या एखाद्या झाडवाल्याला तो कायद्याने नेता येईल. अर्थात, कोंबडीचे पंचवीस टक्के भरून.