बाहुलीघर : कोणत्या दिवसाचे?

गेली बावीस वर्षे मी जुनी बाहुलीघरे जमवतो आणि दुरुस्त करतो, हे आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. "काका, या वयात बाहुल्यांशी खेळता?" असा प्रश्न आरतीनंतर दरवर्षी कोणीतरी विचारतेच. यंदा संपादक मंडळींनी "एकदाचे लिहूनच द्या" असा आग्रह धरला. तेव्हा या छंदाचा थोडा इतिहास आणि त्यातून पडलेला एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो.

आपल्याकडे भातुकली आहे, दिवाळीतला किल्ला आहे. भातुकलीत स्वयंपाकघरातली भांडी हुबेहूब असतात, पण घर मात्र आपण कल्पनेनेच उभे करतो, एखाद्या पलंगाखाली किंवा जिन्याच्या कोपऱ्यात. युरोपातले बाहुलीघर म्हणजे भिंती, जिने, खिडक्यांसह पूर्ण घर. समोरची बाजू कपाटाच्या दारासारखी उघडते आणि सगळ्या खोल्या एकदम दिसतात.

गंमत अशी की ही घरे सुरुवातीला मुलांसाठी नव्हतीच. १५५८ साली बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने म्युनिकमध्ये असे एक घर करवून घेतले आणि ते त्याच्या कलासंग्रहात जाऊन बसले. १६७४ च्या आगीत ते जळाले. त्यात काय काय होते हे आज आपल्याला कळते ते १५९८ साली केलेल्या संग्रहाच्या यादीमुळे. पुढे न्युरेंबर्ग शहरात आना क्यॉफरलिन नावाच्या बाईने १६३१ मध्ये मोठे बाहुलीघर करून ते पैसे घेऊन लोकांना दाखवले. मुलींनी ते पाहून घर कसे चालवावे हे शिकावे, असा तिचा उद्देश होता. तिचे घर उरले नाही, पण त्याच शहरातले १६३९ चे श्ट्रोमर घराण्याचे बाहुलीघर तिथल्या संग्रहालयात आजही आहे.

हॉलंडमध्ये तर हा श्रीमंत गृहिणींचा छंद होता. अ‍ॅमस्टरडॅमच्या रेशीम व्यापाऱ्याची पत्नी पेट्रोनेला ओर्टमन हिने १६८६ ते १७१० या काळात सजवलेले घर आज राइक्स म्युझियममध्ये आहे. चिनी मातीची इवलीशी भांडी तिने थेट चीनहून मागवली होती. या घरावर तिने जेवढे पैसे घातले तेवढ्यात कालव्याकाठी खरे घर आले असते, असे सांगतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की त्या काळच्या खऱ्या घरांतले सामान वापरून झिजले, विकले गेले, फेकले गेले. तागाच्या कपड्यांच्या घड्या कपाटात कशा रचत, स्वयंपाकघरात काय कुठे असे, हे मात्र तिच्या बाहुलीघरात जसेच्या तसे दिसते.

इंग्लंडमधले असे घर म्हणजे ससेक्समधल्या अपार्क या हवेलीतले. ते साधारण १७३५ ते १७४० च्या सुमाराचे. लग्न होऊन आलेली सारा लेथुलिये ही मुलगी ते आपल्याबरोबर घेऊन आली. त्यातल्या मालक मंडळींचे चेहरे मेणाचे आहेत आणि नोकरांचे लाकडाचे. इतिहासाच्या पुस्तकातले एक प्रकरण वाचून जे कळणार नाही ते एवढ्या एका गोष्टीवरून कळते.

आता दिल्लीकरांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. ज्या एडविन लट्यन्सने रायसिना टेकडीवरचा ३४० खोल्यांचा व्हॉइसरॉय हाउस, म्हणजे आजचे राष्ट्रपती भवन, उभारला, त्यानेच त्याच काळात जगातले सर्वांत प्रसिद्ध बाहुलीघरही केले. इकडे रायसिनावर बांधकाम चालू असताना, १९२१ ते १९२४ या काळात, तिकडे लंडनमध्ये राणी मेरीसाठी एका फुटाला एक इंच या प्रमाणात हे घर आकार घेत होते. नळांना गरम आणि थंड पाणी, विजेचे दिवे, चालणाऱ्या लिफ्ट, गॅरेजमध्ये मोटारी आणि ग्रंथालयात लेखकांनी खास स्वतः लिहून दिलेली बोटभर पुस्तके! शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांचीही एक गोष्ट त्यात आहे. १९२४ च्या वेम्बली प्रदर्शनात सोळा लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. आज ते विंडसर किल्ल्यात आहे. कर्तव्यपथावरून राष्ट्रपती भवनाकडे पाहताना मला नेहमी वाटते, एकाच माणसाच्या टेबलावर हे दोन्ही नकाशे होते.

पण असली राजेशाही घरे माझ्यासारख्याच्या वाट्याला कुठून येणार? आमच्या हाती येतात ती कारखान्यात तयार झालेली. जर्मनीत माऱिएनबर्गच्या मोरित्स गॉटशाल्क या कंपनीची घरे लाकडावर छापील कागद चिकटवलेली असत. त्यांचे छप्पर साधारण १९१० पर्यंत निळे आणि पुढे लाल असे, त्यामुळे छपरावरून काळाचा अंदाज येतो. इंग्लंडमध्ये लाइन्स घराण्यातल्या तीन भावांनी १९१९ मध्ये लाइन्स ब्रदर्स ही कंपनी काढली. तीन रेषांचा त्रिकोण होतो म्हणून नाव 'ट्राय-अँग'. दुसऱ्या महायुद्धात याच खेळण्यांच्या कंपनीने स्टेनगनही बनवल्या. १९७१ मध्ये ती बुडाली. तिच्या दोन महायुद्धांमधल्या काळातल्या घरांच्या दर्शनी भिंतीवर काळ्या लाकडी पट्ट्यांची जुन्या इंग्रजी धाटणीची नक्षी आणि उघडझाप करणाऱ्या पत्र्याच्या खिडक्या असत.

या घरांना इतिहासाचे साधन मानायला शिकवले ते व्हिव्हियन ग्रीन या बाईंनी. प्रसिद्ध कादंबरीकार ग्रॅहॅम ग्रीन यांच्या त्या पत्नी. १९४० मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात त्यांचे राहते घर उद्ध्वस्त झाले. मुलांना घेऊन त्या ऑक्सफर्डला राहिल्या आणि युद्धकाळातच एका लिलावात त्यांनी पहिले जुने बाहुलीघर विकत घेतले. पुढे त्यांनी देशभर फिरून जुन्या हवेल्यांच्या माळ्यांवरची बाहुलीघरे पाहिली, त्यांच्या नोंदी केल्या आणि १९५५ मध्ये इंग्लंडच्या अठराव्या व एकोणिसाव्या शतकातल्या बाहुलीघरांवर पुस्तक लिहिले. १९६२ मध्ये आपल्या आवारात गोल इमारत बांधून त्यांनी संग्रहालय काढले. तिथे सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नव्हता! १९९८ मध्ये संग्रह विकला गेला आणि २००३ मध्ये त्या वारल्या. खरे घर गेलेल्या बाईने उरलेले आयुष्य दुसऱ्यांची छोटी घरे वाचवण्यात घालवले, यावर वेगळे भाष्य करायची गरज नाही.

त्यांचे सांगणे असे की वरचे नंतरचे रंग हलक्या हाताने काढावेत आणि खालचा मूळ कागद शोधावा. मीही त्याच वाटेने शिकलो. घर हाती आले की प्रथम वाळवी पाहायची, मग फोटो काढायचे आणि वहीत प्रत्येक खोलीची नोंद करायची. गंज अगदी बारीक पॉलिशपेपरने काढायचा. सुटलेला कागद मैद्याच्या खळीने चिकटवायचा, फेव्हिकॉलने नाही. कारण उद्या कोणाला आपले काम चुकीचे वाटले तर खळ पाण्याने सुटते. आपण केलेली दुरुस्ती पुढच्या माणसाला उलटवता आली पाहिजे, हा या कामातला पहिला नियम. सामान ठेवताना प्रमाण सांभाळायचे. खऱ्या खुर्चीची बैठक दीड फूट उंच, तर एकास बारा प्रमाणात ती दीड इंचच हवी. काड्यापेटीचे ड्रॉवर, मण्यांच्या मुठी, जुन्या साडीच्या काठाचे पडदे हे सगळे चालते. फक्त नवी वस्तू कोणती हे वहीत लिहून ठेवायचे.

काही वर्षांपूर्वी पुरानी दिल्लीतल्या एका कबाड्याकडे मला पत्र्याच्या खिडक्यांचे असे एक घर मिळाले. कोणत्या तरी साहेबाच्या मुलीबरोबर ते हिंदुस्थानात आले असावे आणि इथेच राहिले. बाहेर पांढरा ऑइलपेंट, त्याखाली हिरवा आणि आत इंग्रजी फुलांचा कागद. स्वयंपाकघरात मात्र त्या फुलांवर कॅलेंडरातून कापलेली लक्ष्मी चिकटवलेली होती आणि दारावर पेन्सिलीने, बालबोध अक्षरांत, 'रसोई' असे लिहिले होते. फुले पूर्ण दिसायला हवीत तर लक्ष्मी काढायला हवी. माझ्या ओळखीच्या दोन संग्राहकांचे मत 'मूळ रूप आणा' असे पडले. बाजारातही तशाच घराला किंमत येते.

मी लक्ष्मी काढली नाही. जिने ती चिकटवली त्या मुलीचेही हे घर होतेच. कारखान्यातून निघाले तोच दिवस खरा आणि पुढची सगळी वर्षे म्हणजे मळ, असे कोणी ठरवले? एखादे घर दुरुस्त करताना ते कोणत्या दिवसापर्यंत मागे न्यायचे, हाच या छंदातला खरा प्रश्न आहे.

अपार्कच्या हवेलीपुढे हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. ३० ऑगस्ट १९८९ रोजी छपराच्या दुरुस्तीच्या कामातून आग लागली आणि वरचे मजले गेले. लोकांनी धावपळ करून खालच्या मजल्यांवरचे बरेचसे सामान बाहेर काढले, त्यात ते बाहुलीघरही वाचले. पुढे नॅशनल ट्रस्टने निर्णय घेतला की वास्तू नवीकोरी करायची नाही आणि अठराव्या शतकातही न्यायची नाही. आगीच्या आदल्या दिवशी जशी होती तशी करायची, उडालेल्या रंगासकट, विटलेल्या कागदासकट. त्यासाठी विसरलेले गिलाव्याचे नक्षीकाम कारागिरांनी पुन्हा शिकून घेतले. १९९५ मध्ये ती हवेली लोकांसाठी पुन्हा उघडली.

मंडळी, हे सगळे सांगायचे कारण आपल्या घराजवळचे आहे. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांचे दिल्लीतले पहिले घर म्हणजे सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगरातले सरकारी क्वार्टर. सरोजिनीनगरला जुनी माणसे विनयनगरच म्हणत. गेल्या काही वर्षांत पुनर्विकासासाठी तिथली जुनी क्वार्टर्स पाडली गेली. ती घरे आपल्या मालकीची नव्हती, त्यामुळे त्यांचे कौतुकही कोणी केले नाही. दरवाजासमोर उभ्या कुटुंबाचे फोटो सापडतात, पण आतली मांडणी कशी होती याचा फोटो सहसा कोणाकडे नसतो. फोटो काढायचे ते लग्नामुंजीत, एरवी ओट्याचा फोटो कोण काढतो?

म्हणून मी सध्या आमच्या जुन्या क्वार्टरचे बाहुलीघर करतो आहे, एकास बारा प्रमाणात. दिवस ठरवला आहे तो घर सोडण्याच्या आदल्या दिवसाचा. भिंतीवर देवाच्या फोटोमागे राहिलेला फिकट चौकोन, उन्हाळ्यात कूलर बसवायला काढलेले खिडकीचे गज, गणपतीचे मखर बांधायला ठोकलेले आणि कधीच न काढलेले दोन खिळे, सगळे त्यात येणार आहे. पण एका माणसाची आठवण पुरत नाही. तेव्हा विनंती अशी की ज्यांच्याकडे क्वार्टरच्या आतले फोटो असतील, अगदी मागे स्वयंपाकघर अर्धवट दिसत असले तरी, त्यांनी उत्सवाच्या दहा दिवसांत मला दाखवावेत. ज्या वहिनी, मावशी, काकू तिथे वीस-वीस वर्षे राहिल्या त्यांनी ओट्याची उंची, फडताळातला डब्यांचा क्रम, मोरीची जागा एवढे तरी सांगावे. आणि घरात आजीची भातुकली असेल तर ती चिंचेने घासून चकचकीत करण्याआधी एकदा तशीच पाहू द्यावी. तिच्यावरचा काळेपणाही कोणाच्या तरी हातचा आहे.

गणपती बाप्पा मोरया!